पसाभर कोंड्याचा केरू

“तात्या, कळशी खाली ठेवा.”

रंगनाथ गाभाऱ्याच्या उंबऱ्यात आडवा उभा होता. पाडव्याची सकाळ. तात्या, म्हणजे माझा बाप, ओल्या पंच्यानं ओढ्यावरनं पाणी घेऊन आलेला. भैरोबाच्या आंघोळीचं पाणी वाटेत कुठं टेकवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हाताऱ्यानं ती पाळली होती, आणि मी मागनं नुसती बेलाची पाटी घेऊन धापा टाकत होतो.

“खाली कशी ठेवू? पाणी बाटंल की रं,” तात्या म्हणाला.

“ते आधीच बाटलंय.”

आम्ही पाडळीचे गुरव. देवळाची पूजा दोन घरांत वाटलेली. एक साल आमचं, एक साल रंगनाथच्या घराचं. मल्हारी गुरवाचे दोन लेक, थोरला केरू न् धाकटा सदू. आम्ही केरूचे, ते सदूचे. इंग्रजाच्या काळापासून ही पाळी चाललेली, कुणी कधी खोट काढली नव्हती. केरू म्हणजे तात्याचा आजा.

रंगनाथनं खिशातनं झेरॉक्स काढली. त्याच्या पोरीच्या जातपडताळणीला जुना पुरावा पाहिजे होता, म्हणून त्यानं तालुक्याला जाऊन कोतवाल बुक काढलेलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते इंग्रजाच्या राज्यात असल्या बुकांत मोडीत लिहायचे. खाली कुणीतरी बाळबोधीत उतरवून दिलं होतं. रंगनाथनं ते देवळात सगळ्यांसमोर वाचलं.

“सन अठराशे चौऱ्याऐंशी. तानी कोम बाळू मांग, हिचे घरी मुलगा. नाव केरू.”

कोम म्हणजे बायको. बाळू मांगाची बायको तानी, तिच्या घरी केरू.

“दुसरा असंल कुणी केरू,” मी म्हणालो.

“मागची-पुढची धा वर्सं बघितली, हिरामण. गावात केरू नावाचं दुसरं पोर न्हाई. आन् मल्हारीच्या नावावर त्या टायमाला एकबी पोर न्हाई. आमचा सदू पाच वर्सांनी हाय.” मग तो तात्याकडं वळला. “मला काय हौस न्हाई, तात्या. पण आता कळल्यावर मी उंबऱ्यातनं बाजूला कसा होऊ?”

तात्यानं कळशी खाली ठेवली. तीसएक पाळ्या केलेला माणूस, वाकताना निम्मं पाणी फरशीवर सांडलं. तो घरी गेला न् भिंतीकडं तोंड करून पडला.

आता खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी लाज वाटली ती चुकीच्या गोष्टीची. आमच्यात मांगाचं रक्त आहे म्हणतात, याची. माझं मन त्या वेळी तेवढंच रुंद होतं.

पंचांनी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर पूजा रंगनाथकडं. पुरावा आणा, नाहीतर पाळी कायमची बंद.

“मला ही येक पाळी करून मरू दे,” तात्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. “मग काय करायचं ते करा.”

मी मोटार वाइंडिंगवाला. चौथीत शाळा सुटली. जळालेली मोटार आणा, तासाभरात सांगतो कुठं काय झालं ते. पण कागद म्हटला की मला घाम फुटतो. तरी दुकानाला कुलूप लावलं आणि तालुक्याला हेलपाटे सुरू केले. रेकॉर्डच्या खोलीत फडक्यात बांधलेली गाठोडी छतापर्यंत. त्यांना रुमाल म्हणतात. तिथल्या कारकुनाला मी विचारलं, “आमचा पणजा कुठल्या रुमालात असंल?”

“पणजा मेला कधी?”

“पणज्याचा बाप एकोणीसशे अकराला मेला म्हणत्यात.”

“मग मेलेल्यापासनं धर. माणूस जन्मला की सरकारला सोयरसुतक नसतं. मेला की जमिनीवर नाव बदलावं लागतं, तेव्हा लिहितात.”

शहाणा माणूस. त्यानं काढून दिलेल्या फेरफारात, म्हणजे जमीन कुणाची कुणाला गेली त्या बुकात, एक ओळ सापडली. मल्हारी मयत, मृत्युपत्रावरून केरू व सदू यांची नावे. मृत्युपत्र! म्हणजे म्हातारा लिहून मेला होता. ते नोंदणी कचेरीत निघालं. अर्ज केला, खेटे घातले, आणि एकोणिसाव्या दिवशी शिक्क्याची नक्कल हातात पडली. दोन पानं. सगळी मोडी. मला त्या मुंग्यांच्या रांगा वाटल्या.

मोडी वाचणारा तालुक्यात एकच माणूस होता, चौबळकाका. त्याच रेकॉर्डच्या खोलीत तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेले. ओसरीवर पाट मांडून लोकांचे कागद वाचून द्यायचे. जिभेला हाड नाही, पण वाचायला लागले की एकदम देवपूजेला बसल्यासारखे.

“गुरव का? भांडण पूजेचं असणार. गुरव जमिनीसाठी निम्मा भांडतो, पूजेसाठी अख्खा. बस.”

भिंग लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“मी मल्हारी बिन येसू गुरव, मौजे पाडळी, शुद्धीत असून लिहून ठेवितो की, माझी पहिली तीन मुले वर्षाचे आत वारली. चौथा झाला तेव्हा वडील माणसांचे सांगण्यावरून त्यास सुपात घालून तानी कोम बाळू मांग हिचे उंबऱ्यात ठेविला. तिने पसाभर कोंडा देऊन विकत घेतला व केरू नाव ठेविले. सरकारी बुकातही तिचेच घरी जन्मला असे मी स्वतः सांगून लिहविले, की काळास पत्ता लागू नये.”

“म्हंजी?” मी म्हणालो.

“म्हणजे काय, पोरं जगत नव्हती की असं करायचे. सुईणीच्या नाहीतर कुणाच्या तरी दारात ठेवायचं, पोर आमचं नाहीच म्हणायचं. नाव ठेवायचं ते केर, धोंडा, उकिरडा असलं. बाराव्या दिवशी परत आणायचे. पण तुझा मल्हारी पक्का निघाला. त्यानं यमाबरोबर इंग्रज सरकारलासुद्धा फसवलं.” काका हसले आणि पुढची ओळ बोटानं दाखवली. “ही ऐक. मूल माझे व माझे बायकोचे पोटचे. ह्यात संशय नाही.”

मी उठलोच. वाटलं तसंच पळत पाडळी गाठावी.

“बस खाली. दुसरं पान कोण ऐकणार, तुझा भाऊबंद?”

दुसरं पान त्यांनी आधी मनात वाचलं. मग भिंग पुसलं. मग मोठ्यानं वाचलं.

“मूल तीन वर्षांचे होईतो घरी आणिले नाही. तानीने आपले अंगावर पाजले. तिचे अंगावर तिची मुलगी होती. ती पुढचेच वर्षी तापाने गेली. काळ माझे मुलाचा पत्ता विचारीत तिचे दारी गेला व तिचे मूल नेले, असे माझे मनाने घेतले आहे. आज सव्वीस वर्षे मला झोप नाही. तरी ओढ्याकाठची पट्टी बावीस गुंठे, विहिरीसुद्धा, तानीस व तिचे वंशास द्यावी. केरूने ह्यात अंतर करू नये.”

काकांनी भिंग पाटावर ठेवलं.

“पट्टी तिला मिळाली न्हाई,” मी म्हणालो.

“नाही. तू आणलास त्या फेरफारातच आहे की. तानी मांग हीस नोटीस चावडीवर लावली, मुदतीत हजर नाही, सबब केरूचे नावे कायम.”

“का आली न्हाई ती?”

काकांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. “चावडीची पायरी तिला चढू देत होते का, ते तू तुझ्या गावाला विचार. मला कशाला विचारतोस?”

ओढ्याकाठच्या पट्टीवरच माझं घर चालतं. बाकीचं आमचं रान खडकाळ, कुसळं येतात. मोटारी जळतात त्या उन्हाळ्यात. दुकान चार महिने चालतं, उरलेले आठ ती पट्टी चालवते. दोन भाऊ असते तर भांडून मेलो असतो, अशी काळी माती. आणि तिथं कांदा खुरपायला दर साल कोण येतं? सोनाबाई वायदंडे. त्याच बाळू मांगाच्या घरातली सून. तिच्या नवऱ्याची पणजी ती तानी. रोजानं येते, उन्हात वाकून काम करते, आणि संध्याकाळी मी रोज हातावर ठेवतो.

“काका, कायद्यानं हे आता...”

“कायद्यानं तुझ्या केसाला धक्का लागत नाही. मुदत जाऊन जमाना झाला. पण गावात वाचलंस तर पट्टी ठेवता येणार नाही. आणि पहिलंच पान दाखवीन म्हणत असशील तर बघ तुझं तू.” त्यांनी दोन्ही पानांचं बाळबोधीत लिहून दिलं, वेगवेगळ्या कागदांवर. मुद्दाम वेगवेगळ्या, असं मला आजही वाटतं.

मी दुसरा कागद बनियनमध्ये घातला आणि घरी आलो.

तात्याला पहिलं पान वाचून दाखवलं. म्हातारा उठून बसला. तीनदा वाचायला लावलं. पोटचे, ह्यात संशय नाही, या ओळीला त्यानं डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाला, “अंगठा कुटं हाय?”

“कसला अंगठा?”

“मल्हारीबाबाचा. येवढं लिवलं न् अंगठा न्हाई लावला? साक्षीदार न्हाईत? रंग्या घील का ऐकून?”

लिहिता-वाचता न येणारा माणूस, पण व्यवहार कळत होता. मी बनियनमधला कागद काढला. दुसऱ्यावरच अंगठा न् साक्षी होत्या. वाचला.

तात्यानं आपल्या तळव्यांकडं बघितलं. मग म्हणाला, “जाळ.”

“काय?”

“दोन्ही जाळ. नगं मला पाळी.”

“तात्या, पाळीसाठीच तर येवढं...”

“माझं काय रं, म्या आज हाय उद्या न्हाई. पट्टी गेली तर तुझी पोरं काय भैरोबाचा अंगारा खात्याल? जाळ म्हन्तो न्हवं!”

मी जाळले नाहीत. धर्मराज म्हणून नव्हे. रंगनाथचं तोंड बंद करणारा कागद हाताशी आहे आणि तो जाळायचा, एवढं माझ्यानं झालं नाही, इतकंच. खिशात ठेवले.

पंच बसले ते देवळाच्या मंडपात. पोपटराव पाटील मधे. रंगनाथ एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. पायऱ्यांवर निम्मा गाव.

“बोला तात्या. सापडलं काय?” पाटलांनी विचारलं.

तात्या खांबाला धरून उठला. “न्हाई. कायबी सापडलं न्हाई. पाळी सोडली आमी.”

सत्तर वर्षं ज्या देवासमोर उभा राहिला, त्याच्यासमोर म्हातारा माझ्या पोरांसाठी खोटं बोलला. माझा हात खिशावर होता आणि खिसा चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला.

तिथंच सगळं मिटलं असतं. पण रंगनाथला राहवलं नाही. तो वाईट माणूस नाही. जिंकल्यावर गप्प बसायला लागणारी अक्कल तेवढी कमी.

“माझं तुमच्याशी वैर न्हाई, तात्या. पण देवाचं देवाला पायजे. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या पोटचं रक्त गाभाऱ्यात कसं चालंल?”

“सांभाळून बोल रंगा,” पाटील पुटपुटले, “जमाना कुठला, बोलतो काय.”

तात्या घरी जायला वळला होता. तो थांबला. पाठमोराच. मग हळूहळू फिरला, आणि मी त्याचा असा आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

“पानी चालत नव्हतं, म्हन्तोस?”

“नव्हतंच की.”

“दूध चाललं व्हतं.”

मंडपात कुणाला काही कळेना. तात्यानं माझ्याकडं हात केला. “हिरामण, वाच. दोन्ही पानं. येक अक्षर गाळशील तर मला बाप म्हनू नगंस.”

मी वाचलं. अडखळत वाचलं, चौथी शिकलेला माणूस जसं वाचेल तसं. अंगठ्यापर्यंत वाचलं, साक्षीदारांची नावं वाचली.

“म्हंजी पोर मल्हारीचंच,” पाटील म्हणाले.

“व्हय,” तात्या म्हणाला.

“आन् पट्टी?”

“पट्टी हिरामण कसतो. त्यो सांगंल.”

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. बायको खांबाआड उभी होती, तिच्याकडं बघायची छाती झाली नाही.

“पट्टी वायदंड्यांची,” मी म्हणालो.

कुणीतरी मागनं म्हणालं, “अरे मुदत गेली तिची!” रंगनाथ उठला. गाभाऱ्याची कडी त्याच्या ताब्यात होती. त्यानं ती काढली, दार उघडं ठेवलं, आणि खाली मान घालून म्हणाला, “उद्या पाणी घेऊन या, तात्या.”

तात्यानं ते साल पुरं केलं. एक दिवस चुकवला नाही. पुढच्या पाडव्याला कडी रंगनाथच्या हातात दिली आणि त्याच श्रावणात गेला.

पट्टीचं बक्षीसपत्र करायला मी पंच बसले त्याच आठवड्यात सोनाबाईच्या घरी गेलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली. ती दारात शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत होती. पासष्टीची बाई, काटक. हात थांबवले नाहीत.

“उद्या कचेरीत यायला लागंल, सोनाबाई. अंगठा लावायला.”

“अंगठा कशाला? मला सही येती.” तिनं केरसुणीची गाठ आवळली. “आन् हे पुण्य करायलायस का, हिरामणभाऊ? तसं असंल तर नगं.”

“पुण्य न्हवं. तुमचंच हाय. उशीर झाला.”

“लई झाला.”

तिनं सही केली. सोनाबाई मारुती वायदंडे, ठळक, गिरवल्यासारखी. माझी बायको शालन दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात बोलली ते, दुकान आता बाराही महिने उघडायला लागेल, एवढंच. तिचं काही चुकीचं नव्हतं. मी मोटारींबरोबर मिक्सर दुरुस्त करायला शिकलो.

मला वाटलं, विषय संपला. पण सह्या झाल्या त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना सोनाबाई थांबली होती.

“त्या कागदात समद्यांची नावं हाईत म्हणं.”

“हाईत की. मल्हारी, त्याचा बाप, केरू, तानी, साक्षीदार.”

“त्या पोरीचं?”

मी आठवून बघितलं. तिची मुलगी, एवढंच होतं.

“बघ बाबा सापडतंय का,” ती म्हणाली. “आमच्या घरात कुणाला ठाव न्हाई. पट्टीवर दिवा लावीन म्हन्ते, पण कुनाच्या नावानं लावू?”

म्हणून मी पुन्हा तालुक्याला गेलो. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं, न् मुदतही नव्हती. मेलेल्यांची नोंद वेगळ्या पुस्तकात होती. कारकुनानं अठराशे पंच्याऐंशीचं काढून दिलं, मी चौबळकाकांना हाताला धरून घेऊन आलो. पान पान लागत गेलं. पटकी, देवी, साप, बाळंतरोग. काकांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“सापडली?”

“बाळू मांग याचे घरी,” त्यांनी वाचलं. “वय अदमासे एक वर्ष. ताप येऊन मयत.”

“नाव?”

“केरू.”

मी म्हणालो, “असं कसं? केरू तर जगला. आमी सगळे त्याचेच की!”

“तिच्या पोरीचा जन्म कुणी लिहिलाच नव्हता रे. बुकात त्या घरी एकच पोर, तुमचा केरू. त्या घरातलं पोर मेलं म्हटल्यावर लिहिणाऱ्यानं तेच नाव उचललं. नाहीतर मल्हारीनंच सांगितलं असेल तसं, की एकदाचं काळाचं समाधान व्हावं.” काकांनी पुस्तक मिटलं. “कोणतं खरं, ते कागद सांगत नाही.”

परत येताना एसटीत मी ठरवत होतो, सांगायचं नाही. म्हणायचं, पान फाटलेलं होतं. पाडळीच्या फाट्यावर उतरलो तर सोनाबाई पट्टीतच होती, बांधावर बसलेली. मला बघून उठली नाही, फक्त मान वर केली. माझं खोटं तिथंच संपलं. मी सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं ढेकूळ फोडून माती सोडून दिली.

“म्हंजी तिचं मरनबी तुमीच नेलंत,” ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. मी तसाच उभा राहिलो, जायचं की थांबायचं ते कळेना. मग तिनं पदराखालची पणती काढली, विहिरीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि कुणाचंही नाव न घेता लावली.